पोटाचं ऑपरेशन आणि दशलक्षणातले दहा उपवास



भाद्रपद जवळ आला की मंदिराच्या पायरीवर, भिशीत आणि फोनवर एकच विषय असतो. यंदा दहा कोण करणार, पाच कोण, एकाशन कोण. या गप्पांत अलीकडं एक नवीन प्रश्न ऐकू येतो, आणि तो कधीच चारचौघींत विचारला जात नाही. बाजूला घेऊन, पदर सावरत, हळू आवाजात विचारतात. "अक्का, माझं पोटाचं ऑपरेशन झालंय. सात-आठ महिने झाले. आता दहा उपवास धरले तर चालतील का?"

पोटाचं म्हणजे अपेंडिक्सचं नव्हे. वजन कमी करण्यासाठी जठर लहान करतात ते. आपल्या जयसिंगपुरातून मिरजेला, कोल्हापूरला, पुण्याला जाऊन हे ऑपरेशन करून आलेल्या बायका आता आपल्याच गल्लीत आहेत. आपल्याला माहीत नसतं, कारण घरात "गाठ काढली" असं सांगायचं ठरलेलं असतं.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांची सुटका होईल. अशा बाईनं निदान पहिलं वर्ष-दीड वर्ष निर्जळ उपवास करू नयेत, आणि एकाशनही सरसकट धरू नये. नंतरच्या वर्षांतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तिनं उपवास केला नाही म्हणून तिची श्रद्धा कमी झाली असं कुणी म्हणत असेल, तर ते धर्माला धरून नाही असं मी ठामपणे म्हणेन.

आता का, ते.

जेवण थांबलं की शरीर आधी यकृतात साठवलेली साखर वापरतं. ही साठवण जेमतेम शंभर ग्रॅमची. स्नायूंतही साखर असते, पण स्नायू ती स्वतःसाठीच ठेवतात, शेजारणीला उसनी देत नाहीत. यकृताची साठवण साधारण एका दिवसात संपते. मग चरबी विरघळायला लागते आणि यकृत तिच्यापासून किटोन नावाचे पदार्थ तयार करतं. मेंदूला चरबी थेट वापरता येत नाही, किटोन वापरता येतात. या अवस्थेला किटोसिस म्हणतात. दहा उपवास केलेल्या बाईच्या श्वासाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो गोडसर, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येतो, तो यातलाच. ॲसिटोन हा त्या किटोनांपैकीच एक.

म्हणून मग व्हॉट्सॲपवर संदेश फिरतात की विज्ञानानं आता जे शोधलं ते आपल्याला हजारो वर्षांपासून ठाऊक होतं, आणि उपवासाला नोबेलसुद्धा मिळालं. २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं हे खरं. पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरतात यावर त्यांचं काम होतं, आणि ते त्यांनी केलं यीस्टवर. यीस्टला उपाशी ठेवलं होतं, श्राविकेला नाही. आपल्या तपाला कुठल्या बक्षिसाच्या शिक्क्याची गरज आहे असं मला मुळात वाटतच नाही. किटोन तयार व्हावेत म्हणून उपवास केला तर तो डाएट झाला.

ऑपरेशन झालेल्या बाईच्या शरीरात काय चालतं ते बघू. स्लीव्ह नावाच्या पद्धतीत जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी, शंभर-दीडशे मिलिलिटर मावेल इतकी. बायपासमध्ये तर सुरुवातीला छोट्या लिंबाएवढी पिशवी ठेवतात आणि आतड्याचा काही भाग वळसा घालून टाळतात. पहिले काही आठवडे ही बाई दिवसाला पाचशे ते आठशे कॅलरी कशीबशी घेते. म्हणजे तिचं शरीर ऑपरेशनच्या आधीच्या पथ्यापासूनच किटोसिसमध्ये आहे. ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी पिष्टाचं पथ्य देतात तेही यकृतातली चरबी उतरावी म्हणून. मोठं झालेलं यकृत डॉक्टरांच्या दुर्बिणीच्या आड येतं. तुम्ही-आम्ही वर्षात दहा दिवस करतो ते तिचं शरीर महिनोन्‌महिने करत असतं. त्यावर आणखी दहा उपवास म्हणजे आधीच उघड्या असलेल्या कणगीत पुन्हा हात घालणं.

आणि त्या कणगीतून फक्त चरबी जात नाही. खाण्यात प्रथिनं कमी पडली की शरीर स्नायू मोडतं. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही. काटा खाली आला की घरचे खूश. पण स्नायू गेले तर साखर वापरणारा सगळ्यात मोठा अवयवच गेला, आणि मग पाच वर्षांनी वजन परत चढतं ते चरबीच्या रूपात. तीन-चार महिन्यांनी केस मूठभर गळतात तेव्हा बायका घाबरतात. ते केस बहुतेक वेळा परत येतात. मांडीतली ताकद गेली तर ती इतक्या सहज येत नाही.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातल्याच एका माणसाचं काम सांगायला हवं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. आपली माणसं बाहेरून बारीक आणि आतून चरबीची, स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त. म्हणून तर आपल्याकडं साखर लवकर लागते, आणि म्हणूनच आशियाई लोकांसाठी लठ्ठपणाचे आकडे खाली आणले आहेत. जगभरच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी २०२२ साली नवे निकष दिले, त्यात इतरांसाठी बीएमआय ३५ आणि आशियाईंसाठी २७.५ पासूनच या ऑपरेशनचा विचार करता येतो असं म्हटलं आहे. विमा कंपन्यांचा निकष मात्र अजून ४०, किंवा सोबत गंभीर आजार असेल तर ३५. तेव्हा ऑपरेशन ठरवण्याआधी पॉलिसी नीट वाचून घ्या.

मुद्दा असा की जिच्याकडं मुळात स्नायूंचं भांडवल कमी आहे, तिनं ते उपवासात घालवू नये.

"मग उपवास नको, एकाशन धरते," असं पुष्कळजणी म्हणतात. एकाशन म्हणजे मधला मार्ग असं आपल्याला वाटतं. धडधाकट बाईला तो आहेच. एका बैठकीत ती दोन भाकऱ्या, उसळ, भात, दूध घेऊ शकते. पण जिच्या पोटात एका वेळी वाटीभरच मावतं तिनं एकदाच जेवायचं म्हणजे दिवसभरात वाटीभर. तिला रोज किमान साठ ग्रॅम प्रथिनं लागतात. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम असतात. करा हिशेब. आणि पाणीही त्याच बैठकीला! तिला जेवणाबरोबर पाणी पिता येत नाही, अर्धा तास सोडावा लागतो. दीड लिटर पाणी पन्नास-पन्नास मिलिलिटरच्या घोटांनी वीस-वीस मिनिटांनी घेतलं तर दहा तास लागतात. पाणी कमी पडलं की चक्कर, मूतखडा आणि सलाईन. तेव्हा तिच्यासाठी दहा दिवसांचं एकाशन हे जवळजवळ दहा उपवासच आहेत, फक्त नाव सौम्य.

दिवस मावळायच्या आत जेवायचा नियम मात्र तिला पाळता येतो, आणि मला वाटतं तो तिच्या फायद्याचाही आहे. भाद्रपदात आपल्याकडं सूर्यास्त साडेसहाच्या आसपास होतो. सकाळी सातपासून धरलं तर साडेअकरा तास मिळतात. त्यात पाच-सहा छोटी खाणी आणि मधले पाण्याचे घोट बसतात, पण त्यासाठी घरातल्यांनी तिला मोकळं सोडलं पाहिजे. दुपारी दोनपर्यंत सगळ्यांना वाढून मग स्वतः बसायचं, ही सवय तिला परवडणारी नाही. तिच्या घोटांची आठवण सासूबाईंनी किंवा लेकीनं करून द्यावी. यात कमीपणा काही नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरात साठ ग्रॅम कसे जमवायचे? अंडं नाही, तेव्हा आहारतज्ज्ञांचा छापील कागद अर्धा बाद होतो. तरी जमतं. सोयाबीन आपल्या शिरोळ तालुक्यात शेतात पिकतं आणि ताटात मात्र दिसत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. तीस ग्रॅम सोया वड्यांत पंधरा ग्रॅम प्रथिनं, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ, पेलाभर दुधात सहा-सात, तितकीच वाटीभर घट्ट वरणात, शंभर ग्रॅम चक्क्यात आठ-नऊ. झाले पंचेचाळीसच्या आसपास. राहिलेले प्रथिनाच्या पावडरीतून. द्विदलाचा दोष लागू नये म्हणून दह्याबरोबर डाळ आपण घेत नाही. तिची खाणी इतकी लहान आणि वेगवेगळी असतात की चक्का दहाला आणि वरण एकला, असं आपोआपच होतं. जेवताना आधी वरण-उसळ, मग भाजी, भाकरीचा चतकोर शेवटी. आपल्याकडं उलटं असतं, भाकरीनं पोट भरतं आणि उसळ तोंडी लावायला.

गोळ्यांबद्दल. या ऑपरेशननंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व हे जन्मभर घ्यावं लागतं. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असतं, आणि जठराचा भाग गेला की ते शोषलं जाणंही अवघड होतं. कमी पडलं तर हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि फार उशीर झाला तर नसा पूर्ववत होत नाहीत. कॅप्सूलचं वरचं आवरण जिलेटिनचं असतं, म्हणजे प्राण्याच्या हाडा-कातड्याचं, हे कळल्यावर काही बायका सगळ्याच गोळ्या बंद करतात. तसं करू नका. बी-१२ जिवाणूंपासून बनवतात, त्यात प्राण्याचं काही नसतं. जिलेटिन नको असेल तर साधी गोळी किंवा इंजेक्शन मिळतं, वनस्पतीजन्य आवरणाच्या कॅप्सूलही मिळतात. डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात. ते नको वाटलं तर डी-२ आहे. औषधाच्या दुकानात स्पष्ट विचारायचं. बंद करणं हा पर्याय नाही.

ज्यांच्या घरात ऑपरेशन झालेली तरुण सून किंवा लेक आहे त्यांनी हे जास्त लक्षात घ्यावं. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि वर्षानुवर्षं न राहिलेला गर्भ अचानक राहू शकतो. डॉक्टर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात ते याच उपासमारीमुळं. याज्ञिकांनीच पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा १९९३ पासून अभ्यास केला, त्यात आईला बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलांत चरबी आणि इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. म्हणजे आईचं एक राहिलेलं इंजेक्शन बाळाच्या अंगावर लिहिलं जातं. "कधी देताय गोड बातमी" म्हणणाऱ्या आत्तींना हे कुणीतरी सांगा.

एक धोका मात्र असा आहे की तो वाचून प्रत्येकीनं आपल्या औषधांचा डबा उघडून बघावा, ऑपरेशन झालेलं असो की नसो. साखरेच्या काही गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. चांगल्या आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडाला उपयोगी आहेत, आणि पेटंट संपल्यावर स्वस्त झाल्यामुळं आता घरोघरी आहेत. पण ही गोळी चालू ठेवून उपवास केला, किंवा पिष्ट एकदम तोडलं, तर किटोन वाढत जाऊन रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. हे किटोसिस नव्हे, हे किटोॲसिडोसिस, आणि यात जीव जातो. फसवं असं की घरच्या मशीनवर साखर जवळजवळ ठीक दिसते. मळमळ, पोटदुखी, धाप, ग्लानी ही लक्षणं येतात, आणि दशलक्षणात आपण म्हणतो, "चौथा उपवास आहे, होणारच." म्हणून तर डॉक्टर कुठल्याही ठरलेल्या ऑपरेशनआधी या गोळ्या निदान तीन दिवस बंद करायला सांगतात. उपवासाआधी किती दिवस बंद करायच्या, किंवा उपवास करायचा की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि विचारताना "उपवास" एवढंच म्हणू नका. डॉक्टरांना उपवास म्हणजे साबुदाणा आणि केळी वाटतात. "पाणीसुद्धा घेत नाही, इतके दिवस," असं सांगा.

दुसरी गोष्ट बी-१ ची, म्हणजे थायमिनची. त्याचा साठा शरीरात दोन-तीन आठवडेच पुरतो. ऑपरेशन झालेल्या बाईला सतत उलट्या होत असतील, त्यात ती उपाशी राहिली आणि मग एक एक गोष्ट दोन दिसायला लागली, चाल लटपटली, बोलणं असंबद्ध झालं, तर ती अशक्तपणानं नव्हे. त्या वेळी नुसतं साखरेचं सलाईन लावणं धोक्याचं असतं, थायमिन आधी किंवा सोबत द्यावं लागतं. जवळच्या दवाखान्यात ऑपरेशनची माहिती लपवली तर डॉक्टरांना हे सुचणार कसं? "गाठ काढली" या खोट्याची किंमत इथं मोजावी लागते.

लपवायची वेळ का येते, हे आपण सगळ्याजणींनी मनाशी विचारावं. नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, २०११ साली, त्यांनी हे ऑपरेशन मुंबईत करून घेतलं. पेपरात आलं, ते स्वतःही उघडपणे बोलले, लोकांनी कौतुक केलं. आपल्या गल्लीतल्या बाईनं केलं तर? "जिभेवर ताबा नाही म्हणून पैसे देऊन पोट कापून घेतलं." हे वाक्य मी मंदिराच्या आवारात ऐकलंय, आणि बोलणारीनं त्याच दिवशी चतुर्दशीचा उपवास धरला होता.

जिभेचा प्रश्न इतकाच असता तर ऑपरेशननं साखर उतरली नसती. अमेरिकेतले वॉल्टर पोरीस नावाचे शल्यचिकित्सक बायपास करत होते. त्यांनी १९९५ साली लिहिलं की रुग्णांची साखर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत सुधारते. आतड्यातून निघणारे संप्रेरक बदलतात, इन्सुलिन नीट काम करू लागतं. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात तिथूनच भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, मोठ्या प्रमाणात येत असतं. म्हणजे भूक हा काही निव्वळ चारित्र्याचा मामला नाही. तरीही आजार मुळापासून जात नाही, दबतो. ज्यांना पंधरा-वीस वर्षं साखर आहे, इन्सुलिन चालू आहे, त्यांच्यात तो दबण्याची शक्यता कमी. वर्षातून एकदा तपासणी जन्मभर.

मग या बाईनं दशलक्षणात करायचं काय? बाह्य तपं सहा सांगितली आहेत, आपण मात्र एका अनशनालाच धरून बसलो आहोत. दुसरं अवमौदर्य, भुकेपेक्षा कमी खाणं. ऑपरेशननं पोट लहान झालं म्हणजे ते तप आपोआप घडलं असं मी म्हणणार नाही, तिथं तिची इच्छा नाही, नाइलाज आहे. चौथं रसपरित्याग. ती गूळ-साखर दहा दिवस सोडू शकते, तेल किंवा मीठ एखादा दिवस सोडू शकते. दूध-दही सोडू नये, तिची प्रथिनं त्यातच आहेत. अंतरंग तपं तर सगळीच मोकळी आहेत. स्वाध्यायाला जठर लागत नाही. आणि सोळा भावनांत त्यागाच्या आणि तपाच्या दोन्ही भावनांआधी 'शक्तितः' हा शब्द मुद्दाम आहे, आपली शक्ती न लपवता आणि तिच्या बाहेर न जाता. पूजेत दरवर्षी आपण तो म्हणतो.

पारण्याच्या पंगतीत तिला आग्रह करू नका, हे राहिलंच. बायपास झालेल्या बाईनं पुरणपोळी, खीर किंवा उसाचा रस पटकन घेतला तर साखर थेट आतड्यात उतरते. पंधरा मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, कधी भोवळ. दोन-तीन तासांनी साखर एकदम खालीही जाते. "एवढंसं घे, प्रसाद आहे" म्हणून ताटात वाढलेलं ती लाजेनं खाते आणि मग घरी जाऊन झोपून राहते. तिच्या ताटात घट्ट वरणाची वाटी ठेवा, आणि तिला सावकाश, अर्धा तास लावून खाऊ द्या. पंगत उठली तरी चालेल, तिच्याबरोबर एखादीनं बसून राहायचं.